46 सामने आणि एक दुपार

30 एप्रिल 1898, शनिवार. इंग्लंडमधलं स्टोक. मैदान पावसानं चिकचिकीत झालेलं, आणि त्यावर उतरलेले दोन संघ असे की एकालाही गोल करायचा नव्हता.

स्टोकला पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकून राहायचं होतं. बर्नलीला दुसऱ्या डिव्हिजनमधून वर यायचं होतं. हिशोब असा बसला होता की सामना बरोबरीत सुटला तर दोघांचंही काम होणार. मग काय, दोन्ही संघ नव्वद मिनिटं चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. गोलच्या दिशेनं म्हणावा असा एकही फटका कोणी मारला नाही. प्रेक्षकांच्या हे लवकरच लक्षात आलं आणि त्यांनी स्वतःचा वेगळाच खेळ सुरू केला: चेंडू गर्दीत आला की परत द्यायचाच नाही. त्या दुपारी पाच चेंडू लागले असं सांगतात. निकाल 0-0. स्टोक राहिलं, बर्नली वर आलं आणि न्यूकॅसल आणि ब्लॅकबर्न हे दोन क्लब, जे या सामन्यात नव्हतेच, हात चोळत बसले.

इंग्लिश फुटबॉलमधल्या पहिल्यावहिल्या प्ले-ऑफचा शेवट हा असा झाला. तेव्हा या सामन्यांना 'टेस्ट मॅच' म्हणत. (टेस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे कपडे आणि चहापानाची सुट्टी येते. ते जरा बाजूला ठेवा.)

दर मे महिन्यात प्ले-ऑफच्या क्लिप्स तुमच्याही फोनवर येत असतील. शेवटच्या मिनिटाला गोल, मैदानात घुसलेली गर्दी, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडणारे आजोबा. त्या सगळ्याचं मूळ इथे आहे. मला या प्रकाराचं वेड लागलं ते थोडं धंद्यामुळे. आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर नियम लिहितो, लोक त्या नियमांमधून कुठून पळवाट काढतात ते बघतो आणि मग दुरुस्ती करतो. इंग्लंडमध्ये कोणता क्लब वरच्या पायरीवर जाणार आणि कोणता खाली येणार हे ठरवणारे नियम गेली सव्वाशे वर्षं असेच दुरुस्त होत आलेत. प्रत्येक दुरुस्तीमागे कोणाचा तरी मतलब होता. आणि प्रत्येक दुरुस्तीत कोणी ना कोणी भरडलं गेलं.

आधी उतरंड नीट समजून घेऊ. सगळ्यात वर प्रीमियर लीग, 20 क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. हे झाले 92 क्लब. त्याखाली नॅशनल लीग, तिच्याखाली आणखी लीग, अगदी गावकीच्या मैदानापर्यंत. मधल्या प्रत्येक मजल्यावर वर्षभर 46 साखळी सामने होतात. लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर जातात आणि तिसरा ते सहावा हे चौघं उरलेल्या एका जागेसाठी खेळतात. लीग टूमध्ये तिघं थेट, मग चौथा ते सातवा. आधी दोन-दोन सामन्यांची उपांत्य फेरी, मग लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एकच अंतिम सामना. ऑगस्ट ते मे घाम गाळून तिसरा आलेला आणि कसाबसा सहावा लागलेला, दोघं एका रांगेत.

हे न्याय्य नाही, आणि कोणी तसं म्हणतही नाही. तरी हा नियम गेली चाळीस वर्षं टिकून आहे.

*

फुटबॉल लीग 1888 मध्ये 12 क्लबांनी सुरू केली. 1892 मध्ये दुसरी डिव्हिजन जोडली आणि लगेच प्रश्न आला की वर-खाली कसं करायचं? उत्तर निघालं टेस्ट मॅचचं. वरच्या डिव्हिजनमधले शेवटचे तीन आणि खालच्या डिव्हिजनमधले पहिले तीन यांच्या लढती लावायच्या.

पहिल्याच वर्षी भानगड झाली. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला आलेला स्मॉल हीथ, म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी. त्यांची गाठ पडली वरच्या डिव्हिजनमध्ये अगदी तळाला गेलेल्या न्यूटन हीथशी. पहिला सामना 1-1, पुन्हा खेळले तर न्यूटन हीथ 5-2 नं जिंकलं. वर्षभर पहिला राहिलेला खालीच थांबला आणि वर्षभर शेवटचा राहिलेला वरच राहिला. या न्यूटन हीथनं 1902 मध्ये नाव बदललं आणि मँचेस्टर युनायटेड झालं. पुढच्या वर्षी ते पुन्हा तळाला गेले, पुन्हा टेस्ट मॅच खेळले आणि या वेळी लिव्हरपूलकडून हरून खाली गेले. म्हणजे ते भांडणही तेव्हापासूनचं.

1893 चा दुसरा बळी अ‍ॅक्रिंग्टन. लीगच्या मूळ 12 संस्थापकांपैकी एक. शेफील्ड युनायटेडकडून टेस्ट मॅच हरले आणि दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळण्यापेक्षा त्यांनी लीगच सोडली. तीन वर्षांत क्लब संपला.

स्टोक-बर्नली प्रकरणानंतर लीगनं जो तोडगा काढला तो बघून मला ऑफिसची आठवण येते. कोणालाच दुखवायचं नाही, म्हणून डिव्हिजन 16 वरून 18 क्लबांची करून टाकली. न्यूकॅसल आणि ब्लॅकबर्नलाही पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा दिली आणि टेस्ट मॅच कायमच्या बंद केल्या. पुढच्या हंगामापासून सरळ हिशोब: पहिले दोन वर, शेवटचे दोन खाली. (हे ब्लॅकबर्न म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स, ज्यांना 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजनं विकत घेतलं. ते पुढे परत भेटतील.)

सरळ हिशोब वरच्या मजल्यांवर होता. तळमजल्यावर मात्र हिशोब नव्हताच, मतदान होतं. सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या चार क्लबांनी दरवर्षी लीगकडे 'आम्हाला परत घ्या' असा अर्ज करायचा, बाहेरच्या क्लबांनी 'आम्हाला आत घ्या' असा अर्ज करायचा, आणि मत कोण देणार? लीगमधलेच क्लब. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कोणालाही हे कसं चालत असेल ते समजेल. आज मी तुला वाचवतो, उद्या माझी वेळ आली की तू मला वाचव. हार्टलपूलनं असा अर्ज 14 वेळा केला आणि चौदाही वेळा ते आत राहिले.

1980 मध्ये बाहेरच्या क्लबांच्या लीगमध्ये ऑलट्रिंचम पहिले आले. चौथ्या डिव्हिजनच्या तळाला असलेल्या रॉचडेलच्या विरोधात मतदान झालं. रॉचडेल 26, ऑलट्रिंचम 25. एका मतानं दार बंद झालं. ऑलट्रिंचम आजपर्यंत फुटबॉल लीगमध्ये एकदाही खेळलेलं नाही.

प्ले-ऑफवर अन्यायाचा आरोप होतो तेव्हा मला हे 26-25 आठवतं. मैदानावर हरणं ही एक गोष्ट आणि कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर हरणं ही दुसरी.

*

आता 1985. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात वाईट वर्ष. 11 मे रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला सामना चालू असताना आग लागली, 56 माणसं गेली. 29 मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल-युव्हेंटस अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरीत 39 जण गेले आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. टीव्ही कंपन्यांशी करार फिसकटला, त्यामुळे हंगामाचे पहिले काही महिने लीगचा एकही सामना पडद्यावर दिसला नाही. 1948-49 मध्ये लीगच्या सामन्यांना वर्षभरात 4 कोटी 10 लाखांच्या वर प्रेक्षक आले होते. 1985-86 मध्ये तो आकडा 1 कोटी 65 लाखांवर आला.

मोठे क्लब म्हणू लागले, आम्ही वेगळे होतो. तोवर टीव्हीचे पैसे सगळ्या 92 क्लबांत सारखे वाटले जायचे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या वाट्याला जेवढे, तेवढेच हार्टलपूलच्या. हे फार काळ चालणार नव्हतं. डिसेंबर 1985 मध्ये हीथ्रो विमानतळाजवळच्या एका हॉटेलात बैठक झाली आणि दहा कलमी करार ठरला. टीव्हीच्या पैशातला निम्मा वाटा पहिल्या डिव्हिजनला, उरलेल्या निम्म्यात बाकी सगळे. पहिली डिव्हिजन 22 वरून 20 क्लबांची होणार. महत्त्वाच्या ठरावाला लागणारं बहुमत तीन-चतुर्थांशावरून दोन-तृतीयांशावर. म्हणजे छोट्यांचा नकाराधिकारही कापला.

आणि या सगळ्या कलमांच्या गर्दीत एक कलम प्ले-ऑफचं. तेही फक्त दोन वर्षं करून बघू म्हणून.

छोट्या गावांची स्वप्नं वगैरे कोणाच्याही डोक्यात नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये मधल्या क्रमांकांवरच्या क्लबांच्या सामन्यांना काही अर्थच उरत नसे, स्टँड ओस पडत, आणि त्या काळात गेटवर जमा होणारा पैसा हेच खालच्या क्लबांचं पोट होतं. चौघांना शर्यतीत ठेवलं की त्यांच्या मागचे आणखी पाच-सहा जण शर्यतीत राहतात. वर्षाचे शेवटचे दोन महिने तिकिटं खपतात. एवढाच विचार. त्याच करारातून तळमजल्याचं दारही अखेर उघडलं: 1987 पासून चौथ्या डिव्हिजनमधला शेवटचा क्लब बाहेर आणि खालच्या लीगमधला पहिला आत, मतदान बंद.

पहिल्या दोन वर्षांची रचना जुन्या टेस्ट मॅचसारखी होती. वरच्या डिव्हिजनमधला एक बुडता क्लब आणि खालच्या डिव्हिजनमधले तीन चढते क्लब. 1987 मध्ये याचा पहिला फटका ज्यांना बसला ते म्हणजे ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक. मँचेस्टरच्या कुशीतलं कापडगिरण्यांचं जुनं गाव, प्लास्टिकच्या गवताचं मैदान, आणि मॅनेजर जो रॉयल. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ते तिसरे आले. आदल्या वर्षापर्यंत तिसरा क्लब आपोआप वर जात असे. आता त्यांना लीड्सशी खेळावं लागलं, जे त्यांच्यापेक्षा 7 गुणांनी मागे होते. पहिला सामना लीड्सनं 1-0 जिंकला, दुसरा ओल्डहॅमनं 2-1. एकूण बरोबरी. पण प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेला गोल जास्त मोलाचा या नियमानं लीड्स पुढे गेले. ओल्डहॅमला वर जायला आणखी चार वर्षं लागली. ही नावं ध्यानात ठेवा, ओल्डहॅम आणि जो रॉयल.

त्याच मे महिन्यात चौथ्या डिव्हिजनमध्ये जे झालं ते तर एखाद्या एकांकिकेत शोभेल. वुल्व्हज, म्हणजे 1950 च्या दशकात तीनदा इंग्लंडचे विजेते, घसरत घसरत चौथ्या डिव्हिजनमध्ये आले होते आणि 79 गुण घेऊन चौथे होते. ऑल्डरशॉट सहावे, 70 गुण. ऑल्डरशॉट हे ब्रिटिश लष्कराचं छावणीचं गाव, आपल्या देवळालीसारखं. या ऑल्डरशॉटनं आधी बोल्टनला हरवलं. बोल्टन लीगचे संस्थापक, चार वेळा एफए कप जिंकलेले. या पराभवानं ते इतिहासात पहिल्यांदा चौथ्या डिव्हिजनमध्ये गेले. मग अंतिम फेरीत, जी तेव्हा घरी आणि दारी अशी दोन सामन्यांची असे, ऑल्डरशॉटनं वुल्व्हजला घरी 2-0 आणि त्यांच्या मैदानावर 1-0 हरवलं. नऊ गुणांनी मागे असलेला पुढे गेला.

आणि त्याच महिन्यात तळाला टॉर्की. लीगमधून थेट बाहेर जायचा नियम लागू झालेलं ते पहिलं वर्ष. शेवटच्या दिवशी त्यांना एक गुण हवा होता, सामना हरत होते, तेवढ्यात बंदोबस्तावरच्या ब्रिन नावाच्या पोलिसी कुत्र्यानं जिम मॅकनिकल या खेळाडूच्या मांडीचा लचका तोडला. उपचारांसाठी थांबलेला खेळ शेवटी वाढवून दिला गेला, त्या वाढीव वेळात टॉर्कीनं बरोबरीचा गोल केला आणि गोलफरकावर ते वाचले. त्यांच्या ऐवजी लिंकन बाहेर गेलं. साखळी सामन्यांचा गुणतक्ता कसा शास्त्रशुद्ध असतो आणि प्ले-ऑफ कसा नशिबाचा खेळ असतो, असं कोणी सांगायला लागलं तर त्याला या कुत्र्याची गोष्ट सांगावी.

ऑल्डरशॉटचं पुढे काय झालं? दोन वर्षांत खाली आले. पैसा नव्हताच. मार्च 1992 मध्ये ऐन हंगामात क्लब बुडाला, लीगमधून बाहेर पडला आणि त्या वर्षीचे त्यांचे सगळे निकाल तक्त्यातून पुसून टाकण्यात आले. वर जाण्यानं क्लब वाचतोच असं नाही. उलट वरच्या डिव्हिजनच्या पगारांनी कंबरडं मोडलेले क्लब खालच्या मजल्यांवर पुष्कळ सापडतात. समर्थकांनी 1992 मध्येच ऑल्डरशॉट टाउन नावाचा नवा क्लब काढला, तो पाच पायऱ्या खालून चढत 2008 मध्ये लीगमध्ये आला.

*

1989 पासून वरच्या डिव्हिजनच्या क्लबाला यातून वगळलं, आणि 1990 पासून अंतिम फेरी वेम्बलीवर एका सामन्याची झाली. प्ले-ऑफ लोकांच्या मनात बसला तो यानंतर. ज्या क्लबाच्या सामन्याला एरवी तीन-चार हजार माणसं येतात, त्याच्यासाठी अख्खं गाव बसेस करून वेम्बलीला जातं. वर्षातून एकदा पंढरीला जावं तसं, फक्त इथे वारी आयुष्यात एखादीच घडते. 2013 मध्ये येओव्हिल या पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावानं वेम्बलीवर ब्रेंटफर्डला 2-1 हरवलं आणि पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवलं.

त्या ब्रेंटफर्डची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. साखळीच्या शेवटच्या दिवशी त्यांचा सामना डॉनकास्टरशी होता. जिंकले असते तर थेट बढती. 0-0, वाढीव वेळ, आणि ब्रेंटफर्डला पेनल्टी. नेहमी पेनल्टी मारणारा केव्हिन ओ'कॉनर बाजूला राहिला आणि उसना आणलेला तरुण मार्चेलो ट्रोटा चेंडू घेऊन उभा राहिला. त्याचा फटका आडव्या खांबावर आदळला. चेंडू परत आला तो थेट दुसऱ्या टोकाला गेला आणि डॉनकास्टरच्या जेम्स कॉपिंजरनं गोल केला. काही सेकंदांत ब्रेंटफर्डची बढती गेली, डॉनकास्टर विजेते झाले, ब्रेंटफर्ड प्ले-ऑफमध्ये ढकलले गेले आणि तिथे त्यांच्यापेक्षा दोन गुणांनी मागे असलेल्या येओव्हिलकडून हरले. पहिला प्ले-ऑफ जिंकायच्या आधी हा क्लब नऊ वेळा हरला आहे. दहाव्या खेपेला, 2021 मध्ये, ते प्रीमियर लीगमध्ये गेले.

पण लोकांना सगळ्यात जास्त आठवतो तो 30 मे 1999 चा सामना. मँचेस्टर सिटी. तीच. इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या पायरीवर घसरलेली, आणि तिथून बाहेर पडायला प्ले-ऑफ खेळणारी. समोर केंटमधलं गिलिंगहॅम, जे त्याआधी कधीच दुसऱ्या पायरीवर गेलेलं नव्हतं. 81 व्या मिनिटाला गिलिंगहॅम 1-0. 87 व्या मिनिटाला 2-0. सिटीचे कितीतरी समर्थक उठून ट्यूब स्टेशनकडे चालायला लागले. नव्वदाव्या मिनिटाला केव्हिन हॉरलॉकनं एक गोल परत केला. चौथ्या पंचानं वाढीव वेळेचा फलक धरला: पाच मिनिटं. पंचाण्णवाव्या मिनिटाला पॉल डिकॉव्हनं दुसरा मारला. गिलिंगहॅमचा गोलकीपर विन्स बार्ट्रम हा डिकॉव्हच्या लग्नात त्याचा करवला होता. पेनल्टीवर सिटी जिंकली.

सिटीचा मॅनेजर कोण? जो रॉयल. बारा वर्षांपूर्वी प्ले-ऑफनं ज्याच्या हातातली बढती काढून घेतली होती, तोच.

पुढची साखळी जोडायचा मोह होतो: ती पाच मिनिटं मिळाली नसती तर सिटी वर आली नसती, 2008 मध्ये अबुधाबीचा पैसा आला नसता, आणि त्यांच्याच समूहानं 2019 मध्ये मुंबई सिटी एफसीत मोठा हिस्सा घेतला नसता. माझा असल्या जर-तरवर फारसा विश्वास नाही. गिलिंगहॅमही पुढच्याच वर्षी वेम्बलीवर प्ले-ऑफ जिंकून वर आलं. त्यांच्या दारात कोणी शेख आला नाही.

*

आता न्यायाचा मुद्दा. आयपीएल बघणाऱ्या कोणालाही पहिला प्रश्न पडतो: वर आलेल्याला फायदा काय? आयपीएलमध्ये 2011 पासून पहिल्या दोन संघांना दुसरी संधी मिळते, एक सामना हरले तरी ते बाद होत नाहीत. लीग वनमध्ये तिसऱ्या आलेल्याला मिळतं काय, तर उपांत्य फेरीचा दुसरा सामना घरच्या मैदानावर. बास.

2023 मध्ये शेफील्ड वेन्सडे लीग वनमध्ये 96 गुण घेऊन तिसरे आले. सहावे पीटरबरो, 77 गुण. 19 गुणांची दरी. उपांत्य फेरीचा पहिला सामना पीटरबरोनं 4-0 जिंकला. सहा दिवसांनी घरच्या मैदानावर वेन्सडेनं 98 व्या मिनिटाला चौथा गोल करून 4-4 अशी बरोबरी साधली, जादा वेळेत स्वतःच्याच जाळ्यात गोल करून पुन्हा मागे पडले, पुन्हा बरोबरी केली आणि पेनल्टीवर जिंकले. अंतिम सामन्यात बार्न्सलीविरुद्ध 123 व्या मिनिटाला जॉश विंडासच्या डोक्यानं त्यांना वर नेलं. जे त्यांना 46 सामन्यांनंतर मिळायला हवं होतं, ते मिळवायला त्यांना असा छळ सोसावा लागला.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, 46 वेळा मोजलेली गोष्ट बाजूला ठेवून आपण तीनदा मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतो. आकडेवारी शिकवणाऱ्या कुठल्याही सरांना हे पटणार नाही. पण उलट बाजूही बघा. त्याच 2023 मध्ये चॅम्पियनशिपमध्ये वेंकीजचं ब्लॅकबर्न आणि सुंदरलंड दोघांचे 69 गुण झाले. गोलफरकावर सुंदरलंड सहावं, ब्लॅकबर्न सातवं. शेवटच्या दिवसापर्यंत ब्लॅकबर्नमधल्या माणसाला आशा होती. तीन थेट वर असा जुना नियम असता तर सातव्या क्रमांकाचा हंगाम कधीच संपला असता. ब्लॅकबर्ननं स्वतः 1992 मध्ये प्ले-ऑफ जिंकूनच प्रीमियर लीग गाठली होती आणि तीन वर्षांत ते इंग्लंडचे विजेते झाले होते. तेव्हा तिथल्या माणसाला या आशेची किंमत कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

शुद्ध गणितानं काय होतं तेही एकदा दिसलं. 2020 मध्ये आपल्याकडे अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की सरासरीवर निकाल लावायचा यावरून रण पेटलं होतं, तेव्हा लीग वनचे क्लब हाच प्रश्न सोडवत होते. हंगाम अर्धवट थांबला होता, सगळ्यांचे सामने सारखे झाले नव्हते. जूनमध्ये ठरलं की एकूण गुण भागिले खेळलेले सामने. पीटरबरोचे 35 सामन्यांत 59 गुण होते आणि ते सहावे होते. वायकमचे 34 सामन्यांत 59, ते आठवे. भागाकार केला तर वायकम 1.74 आणि पीटरबरो 1.69. एका रात्रीत वायकम आठव्यावरून तिसऱ्यावर गेलं आणि पीटरबरो सातवं होऊन प्ले-ऑफबाहेर फेकलं गेलं. तळाला ट्रॅनमिअर सुरक्षित जागेपासून तीन गुणांवर होतं, हाताशी एक सामना जास्त होता, तरी त्यांना खाली ढकललं. वायकमनं जुलैमध्ये रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला 2-1 हरवलं आणि पहिल्यांदा दुसऱ्या पायरीवर गेलं. भागाकारात चूक नव्हती. पण ट्रॅनमिअरच्या माणसाला तो भागाकार दाखवून बघा.

खरी चिमटी मात्र आजही तळमजल्यावरच आहे. बाकी ठिकाणी तीन-चार जागा, पण नॅशनल लीगमधून लीग टूमध्ये जायला फक्त दोन. 2003 पर्यंत तर एकच होती. 'वेलकम टू रेक्सहॅम' पाहिलेल्यांना 2022-23 आठवत असेल: रेक्सहॅम 111 गुण, नॉट्स काउंटी 107. नॉट्स काउंटी 1862 चा क्लब, जगातल्या व्यावसायिक क्लबांमध्ये सगळ्यात जुना. 46 सामन्यांत फक्त तीन हरले, त्यांच्या मॅकॉली लँगस्टाफनं एकट्यानं 42 गोल केले, आणि तरी त्यांना प्ले-ऑफ खेळावा लागला. उपांत्य फेरीत तिसाहून अधिक गुणांनी मागे असलेल्या बोरहॅम वूडविरुद्ध 2-0 नं पिछाडीवर पडले, जादा वेळेच्या अगदी शेवटी 3-2 जिंकले. वेम्बलीवर चेस्टरफील्डविरुद्ध पुन्हा मागे पडले, पेनल्टीवर सुटले. सुटले म्हणून ती गोष्ट गोड वाटते.

यॉर्क सिटी सुटलं नाही. 2024-25 मध्ये ते 96 गुणांनी दुसरे आले. त्या मोसमात नॅशनल लीगच्या क्लबांनी तीन जागा द्या म्हणून जाहीर मोहीम उघडली होती. मागणी साधी होती, लीग टूमधून दोनऐवजी तीन क्लब खाली पाठवा. लीग टूमधल्या क्लबांना त्यात आपली मान दिसते, हे 1980 च्या 26-25 इतकंच जुनं आहे. यॉर्कची उपांत्य फेरी घरच्या मैदानावर एका सामन्याची होती. समोरचा क्लब पाचवा, त्यांच्यापेक्षा वीसहून अधिक गुणांनी मागे. यॉर्क 0-3 हरलं.

समोरचा क्लब होता ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या 22 मधला एक, आणि 2022 मध्ये लीगमधून पूर्ण बाहेर फेकला गेलेला पहिला माजी प्रीमियर लीग क्लब. 1 जून 2025 रोजी वेम्बलीवर पन्नास हजारांहून अधिक लोकांसमोर ओल्डहॅमनं साउथएंडला जादा वेळेत 3-2 हरवलं आणि तीन वर्षांनी लीगमध्ये परत आलं. त्या स्टँडमध्ये 1987 च्या लीड्सच्या सामन्याला हजर असलेलेही काही असतीलच.